दखो गप्प का झाला? (देहखोदा, 'चरंद-परंद' आणि एक कोश)

कोशकीटक (धागाकर्ता)

अली अकबर देहखोदा (१८७९–१९५६) हे नाव निघालं की फारसी जाणणाऱ्यांना आधी आठवतो तो त्यांचा अवाढव्य कोश, 'लोगतनामे'. पण कोशाच्या आधी हाच माणूस इराणातला सगळ्यात बोचरा राजकीय विडंबनकार होता. तेहरानच्या 'सूर-ए-इस्राफील' या साप्ताहिकात 'चरंद-परंद' नावाचं त्यांचं सदर चालायचं, टोपणनाव 'दखो'. पहिला अंक ३० मे १९०७ चा. जून १९०८ मध्ये मोहम्मद अली शाहाने संसदेवर तोफा डागल्या, तोवर ३२ अंक निघाले होते. पुढे स्वित्झर्लंडमधल्या इव्हेर्दों गावातून १९०९ च्या सुरुवातीला आणखी तीन. परत आल्यावरचे तुरळक तुकडे सोडले तर विडंबनकार म्हणून कारकीर्द एवढीच. नंतरची पंचेचाळीसेक वर्षं संसद, शिकवणं, म्हणी आणि कोश.

माझा प्रश्न सरळ आहे. असा माणूस थांबला का? भीती, कंटाळा, की काम संपलं म्हणून?

जोडप्रश्न: 'चरंद-परंद'ला मराठीत काय म्हणाल? 'वायफळ' मला पचत नाही.

आडवातिडवा

'अटरम-सटरम'. चला, धागा संपला.

फारसीचा_फराळ

इतका लवकर नाही संपत. 'चरंद-परंद'चा रोजच्या बोलण्यातला अर्थ 'काहीतरी बरळणं' हाच आहे, पण शब्दांच्या पोटात 'चरणारे' आणि 'उडणारे' आहेत. दखनी बोलणाऱ्यांना 'चरिंद-परिंद' म्हणजे गुरं-पाखरं हे सांगायला नको. म्हणजे सदराच्या नावातच गंमत आहे: जमिनीवरचं आणि हवेतलं, जे सापडेल ते. 'अटरम-सटरम'मध्ये बडबड येते, गुरं येत नाहीत.

'दखो'बद्दलही थोडं. देह म्हणजे गाव, खोदा म्हणजे धनी. देहखोदा म्हणजे गावचा धनी, आपल्याकडचा पाटील. 'दखो' हे त्याचंच घासून गुळगुळीत झालेलं रूप, आणि कझवीनच्या लोककथांमध्ये दखो हा भोळसट गावशहाणा. देहखोदांचं घराणं मूळचं कझवीनचं. त्यामुळे एकाच शब्दात आडनाव, गाव आणि येडेपणाचं सोंग अशी तिन्ही कामं झाली.

मोडीवाचक

'देह'वरून आठवलं. आपल्या जुन्या मोडी कागदांत गावांसाठी 'देहे', 'देहाय' येतं ते हेच. एवढंच सांगायचं होतं.

रेघोट्या

कोशकीटक, ज्यांनी काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी एखादा नमुना द्या की. 'बोचरा' म्हणजे किती बोचरा?

कोशकीटक

पहिल्याच अंकातला देतो. सार माझ्या शब्दांत.

सुरुवात एखाद्या वैदूच्या जाहिरातीसारखी. बरीच वर्षं हिंदुस्थानात हिंडून, सिद्धपुरुषांची दर्शनं घेऊन, किमया वगैरे विद्यांत पारंगत होऊन मला एक मोठा शोध लागला आहे, तो म्हणजे अफू सोडवण्याचं औषध. (खुद्द देहखोदा हिंदुस्थानात नव्हे, व्हिएन्नाकडे जाऊन आले होते. पण वैदू हिंदुस्थानातूनच यावा लागतो, जसे आपल्याकडचे बारा वर्षं हिमालयात असतात.)

मग कृती. जो रोज दोन मिसकाल अफू खातो त्याने दररोज एक गहूभर अफू कमी करायची आणि तिच्याजागी दोन गहू मॉर्फिन घ्यायचं. जो दहा मिसकाल ओढतो त्याने रोज एक नखूद अफू कमी करून दोन नखूद चरस वाढवायचा. असं नेटाने करत राहिलं की दोन मिसकाल अफूचं चार मिसकाल मॉर्फिन होतं आणि दहा मिसकालांचा वीस मिसकाल चरस. त्यानंतर मॉर्फिन तोंडाने घेण्याऐवजी पिचकारीने टोचून घेणं, आणि चरस ओढण्याऐवजी ताकात घोटून पिणं अगदी सोपं! अफू सुटली.

तराजू

हा हिशेब बरोबर येतो का ते बघितलं. तंतोतंत येतो, आणि मला त्याचंच कौतुक वाटतं.

१ मिसकाल = २४ नखूद (नखूद म्हणजे हरभरा), १ नखूद = ४ गंदुम (गहू). म्हणजे १ मिसकाल = ९६ गहू, वजन साधारण ४.६ ग्रॅम.

खाणाऱ्याचं: २ मिसकाल = १९२ गहू. रोज एक कमी, म्हणजे १९२ दिवस. रोज दोन गहू मॉर्फिन वाढ, १९२ × २ = ३८४ गहू = बरोबर ४ मिसकाल.

ओढणाऱ्याचं: १० मिसकाल = २४० नखूद, २४० दिवस, ४८० नखूद = बरोबर २० मिसकाल.

चार मिसकाल मॉर्फिन म्हणजे अठरा ग्रॅमच्या वर, दीड तोळ्याहून जास्त, तेही रोज. माणूस १९२ व्या दिवसाच्या खूप आधीच सगळ्या व्यसनांतून कायमचा सुटलेला असणार. 'थोडं कमी, थोडं जास्त' असं मोघम लिहिलं असतं तर ही मजा आली नसती. सरकारी परिपत्रकाची अंगकाठी जशीच्या तशी ठेवलीय, फक्त औषधाच्या जागी विष घातलंय.

कोरडा_कोकणी

पण यात राजकारण कुठंय? हा तर व्यसनमुक्तीचा विनोद झाला.

कोशकीटक

खरा फास तर पुढे आहे, कोकणीभाऊ. दखो म्हणतो, लोकांची वाईट सवय सोडवायची झाली की आपले थोर लोकही हीच रीत वापरतात. गरिबांना गव्हाच्या भाकरीची सवय आहे, ती मोडायचीय. तर वर्षाच्या पहिल्या दिवशी निव्वळ गव्हाची भाकरी भाजतात. दुसऱ्या दिवशी दर खरवारीमागे एक मण जव, तणाचं बी, भुसा, लाकडाचा भुगा, लसूणघास, वाळू असलं काहीतरी मिसळतात. खरवारीत शंभर मण, त्यात एक मण कुणाला कळणार? पुढच्या दिवशी दोन मण, मग तीन मण. शंभर दिवसांनी, म्हणजे तीन महिने दहा दिवसांनी, गव्हाचा दाणा शिल्लक नाही, कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि गव्हाच्या भाकरीची सवयही सुटली.

हे छापलं तेव्हा तेहरानात पावाचा प्रश्न पेटलेला असायचा. गव्हाचे साठे करणारे जमीनदार, वजनात आणि पिठात मारणारे भटारी, आणि दोघांकडे कानाडोळा करणारे अधिकारी. वाचणाऱ्याच्या दाताखाली ती वाळू रोजच येत होती.

सुईदोरा

बाप रे. अफूवर हसवत हसवत थेट ताटात आणून सोडलं.

तराजू

भाषांतर करणाऱ्यांनी इथे हमखास घसरायची जागा: 'मण'. शब्द तोच असला तरी तबरीझी मण जेमतेम ३ किलोचा, आपला जुना ४० शेरी मण ३७ किलोंच्या घरात. मराठीत नुसतं 'शंभर मण' लिहिलं तर वाचकाला पावणेचार टन गहू दिसेल. मुळात ते सुमारे ३०० किलो. एकतर 'खंडीत एक पायली' असं आपल्या मापांच्या प्रमाणात बसवायला हवं, पण मग शंभर दिवसांचा हिशेब मोडतो. की तो ठेवून मापं फारसीच ठेवावीत? मी दुसऱ्या बाजूचा. विनोद मापात नाही, शंभर दिवसांत आहे.

आडवातिडवा

खरवार म्हणजे 'खर'चा भार, गाढवाचं ओझं ना? ३०० किलो? तिथल्या गाढवांनाही कुणीतरी रोज एक मण वाढवत सवय लावलेली दिसते.

फारसीचा_फराळ

:)) हे दखोलाच पाठवायला हवं होतं.

त्यावरून टोपणनावं आठवली. सदरात दखो एकटा नसतो, त्याला पत्रं लिहिणारी पलटण असते आणि सगळी पत्रं देहखोदांनीच लिहिलेली. 'खरमगस' (गोमाशी, इथेही 'खर' आहेच), 'सग-ए-हसन दले' (हसन दलेचं कुत्रं, म्हणजे घरोघर हुंगत हिंडणारा), 'नखोद-ए-हमे आश' (प्रत्येक आमटीतला हरभरा, म्हणजे आपला लुडबुड्या), 'दमदमी', आणि 'असीर-उल-जवाल'. या शेवटच्या नावाचा अर्थ 'पोत्यातली कैदी'. पोतं म्हणजे चादर-बुरखा. बाई आहे ती.

सुईदोरा

या पोत्यातल्या कैद्याबद्दल सांगा ना. १९०७ मध्ये वर्तमानपत्रात बाईचं पत्र?

फारसीचा_फराळ

पत्र बाईच्या तोंडचं, लेखणी देहखोदांची. पण भाषा अस्सल तेहरानी बायकांची, माजघरातली. वीस मुलं पुरल्यावर हाती राहिलेलं एकुलतं एक, त्याचे डोळे बिघडलेत, दृष्ट लागलीय, आता 'कब्लाई दखो' तूच काहीतरी सांग. (कब्लाई म्हणजे करबलाई, करबलेची यात्रा करून आलेला. गावाकडे मानाने म्हणायचं संबोधन.)

दखोचं उत्तर अतिशय गंभीर चेहऱ्याने. मुलं जगत नाहीत म्हणता, तर तुमच्यासारख्या जाणत्या गृहिणीने पोराचं नाव 'माशाल्ला' किंवा 'मांदगार' (टिकणारा) का नाही ठेवलं?

मोडीवाचक

म्हणजे आपले दगडू, धोंडू, केरू, भिकू! पोर जगावं म्हणून ठेवलेली नावं. हे पत्र मराठीत आणायला एक तळटीपसुद्धा लागणार नाही.

कोरडा_कोकणी

इथे माझा आक्षेप आहे. अडाणी बाईची टिंगल करून कुठला राजा हलतो? हा शहरी शिकलेल्या पुरुषाचा तुच्छतावाद झाला. व्हिएन्ना बघून आलेल्या माणसाला दृष्ट काढणारी बाई हास्यास्पद वाटणारच.

सुईदोरा

मला उलट वाटतं. वीस मुलं पुरली, हे ती पहिल्या दोनतीन वाक्यांत सांगते. ते एकदा वाचल्यावर पुढचं सगळं हसू घशात अडकतं. वैद्य नाही, शाळा नाही, पाणी स्वच्छ नाही. मग ती माशाल्लाचा आधार घेणार नाही तर काय करणार? आणि दखो स्वतः तिच्याहून शहाणा असल्याचा आव कुठे आणतो? तोही तिच्याच भाषेत बोलतो. टिंगल करणारा वरच्या पायरीवरून बोलला असता.

कोरडा_कोकणी

"तिच्याच भाषेत बोलतो" हे मान्य. पायरीचं पूर्ण पटलं नाही, पण तूर्त थांबतो.

कोशकीटक

ही भाषाच तर त्यांची सगळ्यात मोठी करामत. तोवरचं दरबारी फारसी गद्य म्हणजे अरबी शब्दांची आरास. देहखोदांनी बाजारातली, स्वयंपाकघरातली, रस्त्यावरची तेहरानी बोली छापली, वाक्यं अर्धी तोडून, म्हणींनी भरून. मोहम्मद अली जमालझादे यांच्या १९२१ च्या कथासंग्रहापासून फारसी लघुकथा सुरू झाली असं मानतात. त्या कथांतलं बोलकं गद्य या सदराने आधीच रुळवलेलं होतं.

एक ऋण मात्र सांगायला हवं. तिफ्लिसहून (आजचं त्बिलिसी) एप्रिल १९०६ पासून निघणारं 'मुल्ला नसरुद्दीन' हे अझरबैजानी तुर्की भाषेतलं साप्ताहिक. जलील मम्मदगुलूझादे संपादक, साबिर कवी. भोळ्या माणसाचं सोंग, खोटी पत्रं, बोलीभाषा, या तिन्ही गोष्टी तिथे आधी होत्या आणि ते साप्ताहिक इराणात पोचत होतं.

जुनाबाड

उशिरा आलो. विषय निघालाच आहे तर 'रोअसा व मेल्लत' ही कविता राहिली. 'पुढारी आणि जनता'. सूर-ए-इस्राफीलमध्येच आलेली. आई मुलाला झोपवतेय: मुडद्या जागा झालास, निज, तो बघ 'एक डोकं दोन कान' आला! पोर म्हणतं भूक लागली. आई म्हणते रडू नको, तो खाईल तुला. आई म्हणजे पुढारी, पोर म्हणजे जनता. 'एक डोकं दोन कान' हा तिथला बागुलबुवा. आणि नीट बघितलं तर बागुलबुवाचं हे वर्णन कुठल्याही साध्या माणसाचं आहे. शेवटी पोर भुकेनं जातं, बागुलबुवा काही येत नाही.

रेघोट्या

"बागुलबुवाचं वर्णन कुठल्याही साध्या माणसाचं आहे." हे आता डोक्यातून जाणार नाही.

आडवातिडवा

निज रे रेघोट्या, एक डोकं दोन कान आला.

निशाचर

मूळ प्रश्नाकडे: थांबला का? तारखा ओळीने लावा, उत्तर दिसेल.

२३ जून १९०८: कर्नल ल्याखोव्हच्या हुकमाखाली कोसॅक ब्रिगेडने तेहरानच्या संसदेवर तोफा चालवल्या. २४ जून: मिर्झा जहांगीर खान शिराझी, सूर-ए-इस्राफीलचे संस्थापक-संपादक, आणि वक्ते मलेक-उल-मोतकल्लेमीन यांना बाग-ए-शाहमध्ये, मोहम्मद अली शाहाच्या छावणीत, ठार केलं. देहखोदा ब्रिटिश वकिलातीच्या आश्रयाला गेले म्हणून वाचले, मग हद्दपारी. पॅरिस, तिथून इव्हेर्दों.

सोबत काम करणाऱ्याचा गळा आवळला गेल्यावर 'वैदूची जाहिरात' लिहिता येते का? इव्हेर्दोंच्या तीन अंकांतून जी रचना लोकांच्या तोंडी राहिली ती विनोदी नाहीच. जहांगीर खान स्वप्नात पांढऱ्या कपड्यांत आला, त्यानंतर लिहिलेली शोककविता आहे, 'याद आर'. विझलेल्या दिव्याची आठवण ठेव, असं पालुपद.

मोडीवाचक

२४ जून १९०८! त्याच दिवशी मुंबईत टिळकांना अटक झाली. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून. आणि त्याच महिन्यात 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपेही पकडले गेले, त्यांना पुढे १९ महिन्यांची शिक्षा झाली. परांजपे तर वक्रोक्तीचे बादशहा, दखोचे जातभाई म्हणावेत असे.

कोरडा_कोकणी

तारीख जुळते हे खरं, पण त्यावर इमला नको. तेहरानात खटला नाही, साक्ष नाही, फास. मुंबईत ज्युरी, वकील, शॉर्टहँड, मग मंडाले. दोन्ही अन्यायच, पण जात वेगळी. आणि त्यामुळे वक्रोक्तीचं कामही वेगळं. परांजपे लिहीत होते ते राजद्रोहाच्या कलमाच्या शब्दांतून निसटण्यासाठी. दखोला चकवायला नेमकं कलम समोर नव्हतं. एक शाह, काही मुल्ला आणि जमाव होता. त्याच्यावर पाखंडाचा आरोप झालेला, अंक मधे बंदही पडलेले. त्याचं येडेपणाचं सोंग कोर्टासाठी नव्हे, रस्त्यासाठी होतं.

मोडीवाचक

हे पटलं. इमला मागे घेतो, तारीख ठेवतो.

तराजू

निशाचर, तुमचं उत्तर भावनिकदृष्ट्या बरोबर, पण पुरेसं नाही. इव्हेर्दोंच्या अंकांतही चरंद-परंद आहे, शाहाच्या फर्मानाची खिल्ली उडवणारं. म्हणजे मित्र गेल्यावरही त्यांनी विनोद लिहिला. मग तो चालला का नाही?

माझ्या मते कच्चा माल तुटला. चरंद-परंद चालण्यासाठी तीन गोष्टी लागत. एक, या आठवड्यात पाव कितीला होता हे वाचकाला ठाऊक असणं. दोन, रस्त्यावरचा ताजा शब्द कानावर येणं. तीन, अंक आठवड्याच्या आत हातात पडणं. इव्हेर्दोंहून तेहरानला अंक पोचेतो बातमीचं लोणचं व्हायचं, तेही चोरून न्यायचं. खोटी पत्रं लिहायलासुद्धा खऱ्या पत्रांचा आवाज ऐकू यावा लागतो. इव्हेर्दोंहून ते इस्तंबूलला गेले, तिथे 'सोरूश' काढलं, कारण तिथे इराणी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. तेही मुख्यतः राजकीय पत्र.

जुनाबाड

तराजूंच्या मुद्द्याला अलीकडचा दाखला. क्यूमर्स साबेरी फूमनी, म्हणजे 'गुल-आगा'. जानेवारी १९८५ पासून 'एत्तेलाआत' दैनिकात 'दो कलमे हर्फ-ए-हेसाब' (दोन शब्द हिशेबाचे) हे सदर, ऑक्टोबर १९९० पासून स्वतःचं 'गुल-आगा' साप्ताहिक, ते २००२ मध्ये स्वतःच बंद केलं. २००४ मध्ये वारले. त्यांनी रीत दखोचीच घेतली. शागुलाम हा कचेरीत चहा देणारा, मम्मसादेक, त्याची बायको, असली साधी पात्रं बोलणार आणि मंत्री गप्प बसणार. मुल्लांचं व्यंगचित्र काढायचं नाही ही अलिखित रेघ पाळली. मग मुखपृष्ठावर कोण? उपराष्ट्राध्यक्ष हसन हबीबी, कारण ते पगडीवाले नव्हते! इतक्यांदा छापले की हबीबी हेच एक पात्र होऊन गेलं.

पुढच्या पिढीतले इब्राहिम नबवी. मूळचे आस्ताराचे, 'गुल-आगा'तही लिहिलेलं. १९९८ मध्ये 'जामेए' दैनिकात त्यांचं 'सुतून-ए-पंजोम' हे सदर. पाचवा स्तंभ: वर्तमानपत्राचा कॉलमही आणि फितूर टोळीही. त्यांनी ती रेघ ओलांडली, माणसांची नावं घेऊन लिहिलं. वर्तमानपत्रं एकामागून एक बंद, दोनदा तुरुंग, २००३ मध्ये देश सोडला. बाहेरूनही ते पुष्कळ लिहीत राहिले, इंटरनेट होतं. देहखोदांना टपाल होतं.

रेघोट्या

म्हणजे हबीबींना पगडी नसल्याची शिक्षा झाली!

आडवातिडवा

आमच्या शीर्षकस्पर्धेचं काय झालं? 'इकडम-तिकडम' सुचवतोय.

सुईदोरा

'चकाट्या'? त्यात रिकामटेकडेपणाचं सोंगही येतं.

फारसीचा_फराळ

'चकाट्या' जवळ आहे. दखो पिटतोही तेच.

कोशकीटक

जुनाबाड, आभार. पण आता मला माझाच प्रश्न चुकीचा वाटायला लागलाय. 'थांबला का' असं विचारताना मी गृहीत धरलं की कोश हे वेगळं काम. नंतरचा क्रम बघा.

पहिल्या महायुद्धात तेहरान सोडून ते चहारमहाल-बख्तियारीत राहिले, तिथे कोशाच्या नोंदी सुरू झाल्या. आधी छापून आलं 'अमसाल ओ हेकम', म्हणी आणि वचनांचे चार खंड, १९२९ ते १९३२. या चार खंडांना प्रस्तावनाच नाही! थेट म्हणी. दखोच्या पत्रांतली निम्मी वाक्यं म्हणींवर चालतात. जो माल सदरात उधळला तोच इथे वर्णानुक्रमे लावून ठेवला.

मग लोगतनामे. रीत अशी: जुने दिवाण (कवितासंग्रह), इतिहास, वैद्यक, प्रवासवर्णनं, जे मिळेल ते वाचायचं, शब्दावर खूण करायची, शब्द आणि तो जिथे आला ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवायचं, चिठ्ठ्या अक्षराप्रमाणे लावायच्या. या चिठ्ठ्या काही लाख झाल्या. १९४५ च्या सुमारास संसदेने छपाईचा कायदा केला. कोशाच्या कामात खाडा पडला तो दोनदा गंभीर आजारपणात थोडे दिवस आणि आई गेली तेव्हा दोन दिवस, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

तराजू

आकडे पूर्ण करतो. २२२ भाग, २६,४७५ पानं, पानाला तीन रकाने. देहखोदा गेले फेब्रुवारी १९५६ मध्ये, तेव्हा बरंच छापायचं होतं. धुरा मोहम्मद मोईन यांच्याकडे, त्यांच्यानंतर जाफर शहीदींकडे. काम १९८० च्या सुमारास पुरं झालं. यात एक अडचणही आहे, ती झाकू नये: एका माणसाच्या वाचनातून कोश सुरू झाल्यावर ज्या पुस्तकांवर त्याचा जीव ते शब्द भरघोस दाखल्यांसकट येतात आणि बाकीचे एका ओळीत आटोपतात. शिवाय मधेच अख्खे चरित्रलेख, गावांची वर्णनं. कोश की विश्वकोश हे शेवटपर्यंत ठरत नाही.

मोडीवाचक

आपल्याकडे दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२–३८ मधला, साधारण त्याच काळातला, आणि त्यांनीच पुढे 'वाक्संप्रदाय कोश'ही केला. म्हणी आणि शब्द एकाच घरातून. शिवाय माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन. फारसीचे प्राध्यापक, कवी, आणि १९२५ चा फारसी-मराठी कोश त्यांचाच. भाषाशुद्धीचा आग्रह धरून मराठीतले फारसी शब्द वेचून काढा म्हणणारेही पुढे तेच. फारसी जितकी जास्त कळली तितकी मराठीत ती जास्त दिसायला लागली असणार.

आडवातिडवा

म्हणजे कोश हे औषधच. रोज एक नखूद फारसी कमी, दोन नखूद संस्कृत जास्त.

सुईदोरा

आडवातिडवा, या धाग्याचा दखो तुम्हीच.

निशाचर

कोशकीटक, 'कोश म्हणजे त्याच सदराचा पुढचा भाग' हे ऐकायला गोड, पण एक टोचणी आहे. रझा शाहाच्या काळात (१९२५–४१) राजकीय विनोद छापणं अशक्यच होतं. त्या काळात देहखोदा कायदा आणि राज्यशास्त्राच्या विद्यालयाचे प्रमुख होते, १९४१ पर्यंत. कोश ही सुरक्षित जागाही होती. सुरक्षित म्हणजे भ्याड असं नाही म्हणत. १९५३ च्या सत्तापालटानंतर, पदच्युत पंतप्रधान मोसद्देकांची बाजू घेतली म्हणून सत्तरी उलटलेल्या या माणसाची लष्करी चौकशी झालीच. म्हणजे धाडस संपलं नव्हतं, पण विनोद परत आला नाही. हे दोन्ही खरं धरून उत्तर द्या.

कोशकीटक

देतो. भीती नव्हती हे १९५३ वरून दिसतं. बंदी हे कारण १९२५ नंतरचं, पण १९०९ च्या सुमारास ते परत आलेले, संसदेत निवडून गेलेले, तेव्हा वर्तमानपत्रं चालू होती. म्हणजे तुमची बंदी आणि तराजूंचा कच्चा माल, दोन्ही त्या मधल्या वर्षांना लागू पडत नाहीत. तिथे मला तुमचंच पहिलं उत्तर घ्यावं लागतं. दखो एकटा लिहायचा, पण जोडीला जहांगीर खान होता. तो गंभीर अग्रलेख छापायचा म्हणून मागच्या पानावर हा येडं बनू शकायचा. पुढचं पान गेल्यावर मागच्या पानाने कुणाकडे पाठ करून हसायचं?

कोरडा_कोकणी

हे मात्र पटलं. एकच दुरुस्ती: अग्रलेखही बरेचदा देहखोदाच लिहायचे. येडा आणि शहाणा, दोन्ही तेच.

कोशकीटक

बरोबर. मग माझं वाक्य अर्धं पडलं. विचार करतो.

रेघोट्या

वाचायचं असेल तर कुठून सुरू करू? फारसी येत नाही.

फारसीचा_फराळ

इंग्रजीत २०१६ साली येल युनिव्हर्सिटी प्रेसने सदराचं पूर्ण भाषांतर छापलंय, टिपांसकट. पहिला अफूचा लेख, मग पोत्यातल्या कैदीचं पत्र, मग 'आकब्लाय' पालुपदाची कविता, या क्रमाने वाचा. टिपा नंतर. उर्दू लिपी येत असेल तर मूळ पानं उघडून बघाच. दर दोन ओळींत एक शब्द मराठीतला भेटेल आणि तो बहुतेकदा शिवीच्या आसपासचा असेल.

तराजू

अफूच्या लेखात एक गोष्ट आत्ता लक्षात आली. भाकरीचा हिशेब शंभर दिवसांचा, पण पहिल्या दिवशी निव्वळ गहू असल्याने प्रत्यक्षात एकशे एक होतात. अफूत एक गहूही न चुकणारा माणूस भाकरीत एक दिवस चुकला.

आडवातिडवा

तो पहिला दिवस मालकाचा. भटाऱ्याने मापात मारला.

सुईदोरा

शीर्षकासाठी 'चकाट्या'ला माझं +१.

कोरडा_कोकणी

'चकाट्या'त गुरं कुठं आहेत?